आवाजाला जागा असते

आमच्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझे कान पाहून. हे मी गमतीनं सांगत नाही.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मुलींच्या शाळेत नव्यानं आलेली एकटी बाई म्हणजे घरमालकांना नको ती ब्याद. त्याआधीच्या घरांत "मिस्टर कुठं असतात?" एवढं विचारून दार लावून घेतलं होतं. ह्या गृहस्थांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी मनात म्हटलं, झालं, हेही तसलेच. उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "भिऊ नका, मास्तरीनबाई. आता काय काय ऐकू येऊन रायलं, तेवढं सांगा."

मी चिडूनच सांगितलं. राईस मिलचा पट्टा फटफटतो आहे. छोट्या लाइनीवर इंजिन डबे जोडतं आहे. शेजारी कुणी सुपानं धान पाखडतंय. आणि आत स्वयंपाकघरात कुणीतरी भांडं न वाजवता ठेवलं.

"न वाजवता ठेवलं, मंग तुमाले कसं समजलं?"

"ठेवताना बांगडी वाजली."

ते उठले आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली. भाड्याचं बोलणं नाही, जात नाही, मटणमासळीची चौकशी नाही. "रविवारी मोकळ्या राहत जा," एवढंच म्हणाले. मला वाटलं, बरं झालं, डोकं फिरलेला असला तरी माणूस भला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

सगळे त्यांना पाटील म्हणत. पाठीमागे गोंदियाची हिंदी बोलणारी मंडळी 'चुपचाप पाटील' म्हणत. त्याला कारणही होतं. त्या घरात आवाज म्हणून होऊ द्यायचे नाहीत. दाराच्या बिजागऱ्यांना ते स्वतः तेल घालत. खाटांच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. गाईच्या गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबलेली. ती बिचारी मान हलवून हलवून थकायची. भाजीवाली आमच्या फाटकापाशी ओरडायची नाही, पाटील स्वतः कोपऱ्यापर्यंत जाऊन भाजी घेऊन यायचे. माझं गजराचं घड्याळ त्यांनी येताच मागून घेतलं आणि गोधडीच्या तुकड्यात शिवून परत दिलं. मी म्हटलं, "पाटील, आता हे मला उठवणार कसं?" तर म्हणाले, "तुमच्यासारख्या कानाले ते बी पुरते."

आणि ह्या माणसाच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती सगळ्या गोंदियात सर्वांत जास्त आवाज करणारी मोटार.

लढाईच्या आधीची विलायती गाडी. काळी, उंच, पायरीवाली. इंजिन तिचं सोनं होतं, असं सगळेच म्हणत. रडायची ती मागून. मी शाळेत गणित शिकवायची, पण त्या घरात राहायचं तर मोटारीचं मागचं काम मला शिकावंच लागलं. इंजिन पुढं, फिरवायची मागची चाकं. मधे एक लांब दांडा. दांड्याच्या टोकाला लहान दातेरी चाक, ते एका मोठ्या दातेरी कड्याला फिरवतं आणि कडं चाकांना फिरवतं. लहान तो पिनियन, मोठा तो क्राउन. वळणावर एक चाक जास्त पळावं आणि एक कमी, म्हणून त्या कड्याच्या पोटात आणखी दातेरी चाकांचं कडबोळं, ते डिफरेन्शियल. हे सगळं मागच्या आसावरच्या लोखंडी गोळ्यात, तेलात बुडून असतं. दात झिजले की तिथून आवाज सुरू होतो. ऊंऽऽऽ असा. वेग वाढला की चढतो, आणि ऐकणाऱ्याच्या दाढेत जाऊन बसतो.

शेडमध्ये पोत्यांवर ह्या क्राउन-पिनियनच्या जोड्या मांडून ठेवलेल्या असायच्या. पाटील नागपूर, रायपूर, बालाघाट फिरून त्या गोळा करायचे. लढाई संपल्यावर विकायला काढलेला लष्करी माल, मॅंगनीजच्या खाणीवरच्या मोडक्या गाड्या, कुण्या जमीनदाराची झाडावर आदळलेली मोटार. जोडी पाहायची त्यांची एक रीत होती. बैलबाजारात बैलाचे दात पाहतात, तसे हे क्राउनचे दात पाहायचे, अंगठ्यानं एकेक चाचपून. सरळ दाताची नकोच. "सरळ दात एकदम आदळते, तिरपा दात हळूच टेकते." आणि क्राउन आणि पिनियन एकाच जोडीतले पाहिजेत. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. दुकानदारानं दोन मोडक्या गाड्यांतले दोन चांगले तुकडे एकत्र करून दाखवले, की पाटील तिथंच उठायचे. "जोडी फोडली का जलमभर कुरकुरते, बाई. दोघंही चांगले असते, तरी कुरकुरते."

बसवायचं काम एक मिस्त्री करायचा. जबलपूरकडचा, तोंडात कायम बिडी, शेडमध्ये आला की पाटलांच्या धाकानं ती न पेटवताच चघळायचा. जोडी नीट बसली की नाही हे पाहायला दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, फिरवायचं, आणि शेंदूर दाताच्या कोणत्या भागावरून पुसला गेला ते पाहायचं. मधोमध पुसला पाहिजे. कडेला पुसला तर पुन्हा खोला, पातळ चकत्या घाला, पुन्हा बसवा. शेंदूर पाटील पूजेच्या दुकानातून आणायचे. इतका, की दुकानदारानं एकदा मला विचारलं, "मास्टरनीजी, पाटीलजी ने घर में बजरंगबली का मंदिर बनवाया क्या?" मी म्हटलं, हो, रोज उभं करतात आणि रोज मोडतात.

रविवारी माझी पाळी. मी मागच्या सीटवर, आसाच्या बरोबर वर. पाटील गाडी नागऱ्याच्या रस्त्याला काढायचे. "ओढताना रडते का सोडताना रडते, तेवढं सांगा." म्हणजे पाय दाबल्यावर आवाज येतो की पाय काढल्यावर. मी सीटला कान लावून ओणवी बसायची. नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला निघालेल्या बाया बैलबंडीतून टकामका पाहायच्या, आणि सोमवारी वर्गात पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. मला मळमळायचं. मी वैतागून म्हणायची, "पाटील, सगळं जग आवाज करतं, तुमची गाडी थोडा करते तर बिघडलं काय?" ते चिडायचे नाहीत. पुन्हा पाय दाबायचे आणि म्हणायचे, "आता सांगा."

एकदा मात्र बोलले. त्यांचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं, अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. पावसाळ्यात तलाव भरला की त्यांचे आजोबा, वडील त्याच्या मातीच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, पालथे पडायचे आणि मातीला कान लावायचे. पाटलांनीही बाराखडीच्या आधी ते शिकून घेतलं. "पानी पाळीत शिरते, तवा आधी आवाज येते. मंग ओल येते. मंग पाळ जाते. आवाज आला तवाच ऐकला पायजे. आवाजाले जागा रायते, बाई. जागा सापडली का तिथं माती दाबायची, काम झालं." मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली तसे तलाव सरकारजमा झाले. आता पाळीला कान लावायचं काम त्यांचं राहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, समजलं; कानाला धंदा पाहिजे म्हणून हे चाललंय. किती चटकन समजतं आपल्याला दुसऱ्याचं.

घरात पाटलीणबाई होत्या. बांगडी वाजली ती त्यांचीच. त्या घराबाहेर पडत नसत, नदीवर नाही, देवळात नाही, शेजारी हळदीकुंकवालाही नाही. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. म्हणून मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची. एका दुपारी शाळेला सुट्टी होती. त्या तांदूळ निवडत होत्या, मी शेजारी बसून काहीतरी ओरडून सांगत होते. त्या म्हणाल्या, "हळू बोला. मले ऐकू येते. कापूस माणसासाठी नाई, त्या आवाजासाठी आहे."

"मग ती मोटार विकून का नाही टाकत?" मी म्हटलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "विकू कशी? पोरगी त्या गाडीतच गेली ना."

आणि खडे वेचत वेचत, आवाज न चढवता, त्यांनी सगळं सांगितलं. एकच पोरगी होती, लग्नानंतर फार वर्षांनी झालेली. गावी असताना तिला घटसर्प झाला. घसा बंद होत चालला, श्वास शिटीसारखा वाजायला लागला. मोटारीत घालून गोंदियाच्या दवाखान्यात आणायचं ठरलं. पाटील गाडी पळवत होते, ह्या मागं, पोर मांडीवर. "मी तिचा श्वास ऐकत होती. शिटी वाजून रायली तवर पोरगी आहे. पन गाडी जेवढी पळे, तेवढा तो आवाज वाढे. शिटी ऐकू येईना. मी कान तिच्या तोंडाले लावला, तरी तोच आवाज. दवाखान्यापुढं गाडी थांबली, आवाज थांबला, तवा समजलं का मांडीवर काहीच वाजत नाई. कुठं गेली, कोन्या गावाजवळ गेली, मले माहीत नाई. माय असून माहीत नाई."

मी त्यांच्या सुपातले खडे वेचायला लागले.

पाटलांनी त्याच मोटारीनं पोरीला परत गावी नेलं आणि तलावाच्या पाळीखाली मोहाच्या झाडापाशी पुरलं. ह्या गेल्या नाहीत. मोटारीत पाय ठेवला नाही आणि ती जागा अजून पाहिली नाही. पाटलांनी रेल्वेनं नेतो म्हटलं, बैलबंडीनं नेतो म्हटलं. "ज्या गाडीत पोरगी सोडली, त्याच गाडीनं तिच्याकडं जाईन. आवाज गेला का बसीन मी," असं त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि पाटलांनी ते धरून ठेवलं होतं.

पुढचं मला पाटलांकडून कळलं, तेही मीच खोदून विचारल्यावर. मागच्या आसाचा आवाज त्यांनी पोर आजारी पडायच्या कितीतरी आधी ऐकला होता. "रोवना होऊ द्या, धान लागू द्या, मंग पाहू म्हटलं. पाळीत पानी शिरल्याचा आवाज ऐकून झोपी जानाऱ्या मानसाले आमच्या घरी काय म्हनत, तुमाले सांगत नाई, बाई." ते हसण्यासारखं तोंड करून बोलले. त्या दिवसापासून रविवारी मला कधी मळमळलं नाही.

एकदा रायपूरचा एक दलाल तेल भरलेल्या बंद गोळ्यातच बसवलेली जोडी घेऊन आला. बसवली, नागऱ्याला नेली, आणि काय सांगू, आवाज जवळजवळ नाही. मी घरात जाऊन पाटलीणबाईंना सांगितलं. त्यांनी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं आणि दोरीवर वाऱ्याला टाकलं. ते लुगडं दोरीवर असतानाच आवाज परत आला. मिस्त्रीनं गोळा उघडला, तर तेलात लाकडाचा भुसा. आवाज दाबायला विकणाऱ्यानं घातलेला. मिस्त्रीनं त्या दलालाच्या सात पिढ्या काढल्या. पाटील हातातल्या काळ्या लगद्याकडे पाहत उभे होते. संध्याकाळी लुगडं घडी करून ट्रंकेत गेलं. त्या दलालाला शिव्या देताना मी पहिल्यांदा हिंदी नीट बोलले.

शेवटी एक जोडी मिळाली. खाणीवरचा एक साहेब देश सोडून गेला, त्याच्या सामानात, मेणकापडात गुंडाळलेली, कधी न वापरलेली. तिरप्या दातांची, एकाच अंगाची. मिस्त्रीनं ती हातात घेतली आणि न पेटवलेली बिडी तोंडातून काढली. बसवायला कितीतरी दिवस घेतले. शेंदूर दाताच्या मधोमध असा पुसला गेला, की तिघंही नुसते पाहत राहिलो. नागऱ्याच्या रस्त्यावर मी कान लावून बसले. काही नाही. टायर खाली घासतात तेवढंच. मी मुद्दाम खोट शोधली, मला त्या लुगड्याची भीती वाटत होती. ओढताना नाही, सोडताना नाही. "नाही येत, पाटील." त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पायरीवर बसले आणि बराच वेळ धोतरानं हात पुसत राहिले.

दुसऱ्या सकाळी पाटलीणबाई हिरवं लुगडं नेसून गावी, पोरीकडं जायला निघाल्या. जवळ एका फडक्यात मुरमुऱ्याचा लाडू, पोरीला आवडायचा म्हणून. त्यांनी माझा हात धरला होता. मोटारीत बसल्या आणि कानातले बोळे काढून पदरात बांधले. पाटील गाडी चालवत होते, शेजारी मिस्त्री. गोंदिया मागं पडलं. गोरेगाव आलं, आणि मला वाटायला लागलं, झालं, जमलं. गोरेगाव सोडल्यावर त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"येऊन रायला," त्या म्हणाल्या.

पाटलांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नाही म्हटलं. त्यांनी वेग कमी केला. "आता?" "येऊन रायला." वाढवला. "आता?" "येऊन रायला." पाय काढून गाडी नुसती घरंगळू दिली. पुढं एक लहान पूल होता, तिथं गाडी थांबवून इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, पाण्यात बगळे. इतकं शांत, की मिस्त्री तोंडातली बिडी चघळत होता तेही मला ऐकू आलं.

"आता?"

त्या मांडीकडे पाहत होत्या. "आताही येऊन रायला. तुमाले नाई येत?"

पाटील खाली उतरले. मागं गेले, आणि रस्त्यावर, धुळीत, पालथे पडले. आसाच्या गोळ्याला कान लावून. त्यांचे आजोबा पाळीवर असेच पडत असतील. मिस्त्री खाली उतरून म्हणाला, "बाबूजी, गाड़ी बंद है. उठिए." ते उठले नाहीत. बऱ्याच वेळानं उठले, तेव्हा गालाला तेल आणि माती लागली होती. ते खिडकीपाशी आले. मला वाटलं, आता हा माणूस बायकोला खरं सांगणार, की बाई गं, गाडीत काही नाही.

ते म्हणाले, "हो. येते. मलेबी येऊन रायला." आणि माझ्याकडे वळले. "तुमाले, मास्तरीनबाई?"

ज्या कानांसाठी मला खोली मिळाली, त्या कानांनी धडधडीत ऐकलं होतं की काही नाही. पाटलीणबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आपण एकटीच ऐकतो आहोत की काय, ह्या भीतीनं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी सुस्कारा टाकला. चक्क बरं वाटलं त्यांना. पाटलांनी गाडी वळवली. लाडवाचं फडकं तसंच परत आलं, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ती जोडी खाली उतरवलेली होती. मिस्त्री हात जोडत होता. "बाबूजी, इससे अच्छी जोड़ी पूरे मुल्क में नहीं मिलेगी." पाटील म्हणाले, "मालूम है." आणि तिला तेल लावून मेणकापडात गुंडाळून फळीवर ठेवून दिलं.

त्यानंतर दुसऱ्या जोड्या येत राहिल्या. पाटील गावोगाव हिंडायचे, दात चाचपायचे, शेंदूर आणायचे. रविवारी आम्ही नागऱ्याला जायचो आणि मी आता ओणवी बसायची नाही, खिडकीतून बाहेर पाहायची. परत आलो की पाटलीणबाई दारातून डोळ्यांनी विचारायच्या. मी म्हणायची, "आज थोडा कमी आहे." त्या मान हलवून आत जायच्या. काम चालू आहे, कधीतरी होईल, एवढ्यावर त्या जगत होत्या. आणि आम्ही तिघं दर आठवड्याला ते त्यांना नेऊन देत होतो. ह्याला दया म्हणावं की काय म्हणावं, मला आजही सांगता येत नाही. मला त्या रविवारांचा वीट आला होता आणि एकही चुकवायची छाती नव्हती.

एका पावसाळ्यात त्या तापानं गेल्या. गावीच न्यायचं ठरलं, तलावापाशी, पोरीजवळ. पाटलांनी मिस्त्रीला बोलावलं आणि मेणकापडातली जोडी काढून दिली. मिस्त्री रडत रडत ती बसवत होता. शेंदूर पुन्हा दाताच्या मधोमध पुसला. शेजारच्या बायांनी पाटलीणबाईंना तेच हिरवं लुगडं नेसवलं, मागच्या सीटवर निजवलं, आणि डोकं माझ्या मांडीवर दिलं.

पाटील स्वतः चालवत होते. गाडी नुसती वाहत होती, तलावातलं पाणी पाटात सोडावं तशी. इतकी शांत मोटार मी त्यानंतर कधी पाहिली नाही. गोरेगाव गेलं. तो पूल आला, तिथं पाटलांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. बांध्यांत तसंच पाणी होतं. ते मागं वळले नाहीत.

"मास्तरीनबाई, खरं सांगा. आवाज येते का?"

आता खोटं कुणासाठी बोलायचं होतं? "नाही, पाटील. अजिबात नाही."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मले येऊन रायला," ते म्हणाले.